वहीतले एकशेपाच अंश

बरकतपुऱ्यातल्या त्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. घर सुशीलम्मांचं, त्या खाली एकट्या राहायच्या. गच्ची मात्र दोन्ही घरांची होती. एका बाजूला त्यांच्या दोऱ्या, त्यांच्या वाळवणाच्या चादरी, आणि दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या टाकीपासून जरा दूर, दिवसभर सावली पडणार नाही अशा जागी आमची सोलर पेटी. बाबांच्या तोंडी तिचं नाव ‘सूर्यचूल’, आईच्या तोंडी ‘तुमची पेटी’. ‘तुमची’ या शब्दावर आई जो जोर द्यायची, त्यात त्या पेटीबद्दलचं तिचं सगळं मत येऊन जायचं.

बाबा पॉलिटेक्निकमध्ये शिकवत. यंत्रं दुरुस्त करण्यापेक्षा ती का चालतात हे समजावून सांगण्यात त्यांना जास्त गोडी. पेटी तशी साधीच होती. मोठ्या ट्रंकेएवढी, बाहेरून पत्र्याची, आतून काळी, वर दुहेरी काच आणि झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा. आरशात ऊन धरायचं आणि काचेतून आत सोडायचं, आत चार काळे डबे. दुकानातून आली तेव्हा तिला तापमापक नव्हता. बाबांनी पॉलिटेक्निकच्या भंगारातून घड्याळासारखा गोल तबकडीचा एक तापमापक मागून आणला, पेटीच्या कुशीला भोक पाडून तो बसवला, भोवतीची फट पुट्टीनं बुजवली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात स्वयंपाकाला आकडे आले.

आईची तक्रार वेगळी होती. “आवाज नाही, वास नाही, शिट्टी नाही. आत शिजतंय की झोपलंय, कळायचं कसं माणसाला?” ती म्हणायची. आणि खरंच, तिच्या स्वयंपाकघरात सगळं कानांनी चालायचं. भाताचं पाणी आटत आलं की त्याचा आवाज बदलतो, फोडणीत मोहरी थांबली की हिंग टाकायचा, हे ती पाठमोरी उभी राहून, आमच्याशी बोलता बोलता करायची. पेटी मुकी होती. पण तिच्यातला भात मोकळा व्हायचा, तूरडाळ लोण्यासारखी व्हायची, वांग्याला पाण्याचा थेंब न घालता ते स्वतःच्याच पाण्यात शिजून असं काही गोड लागायचं की आई दुसऱ्यांदा वाढून घ्यायची आणि मग म्हणायची, “वांगीच चांगली होती आज.”

बाबांचे नियम होते. झाकण मधेच उघडायचं नाही. एकदा उघडलं की पाव तासाची उष्णता गेली. दर अर्ध्या तासानं पेटी सूर्याकडे वळवायची, म्हणजे आरशातला उजेड बरोबर डब्यांवर पडला पाहिजे. उन्हाळ्यात भाताला सव्वा तास, डाळीला दीड; थंडीच्या दिवसांत दोन्हींना पाऊण तास जास्त. आणि सर्वांत मोठा नियम कडधान्याचा. काटा शंभराच्या पुढे गेल्यावरच वेळ मोजायला लागायचं, त्याआधीचा वेळ धरायचाच नाही. या सगळ्याची एक वही होती. वेळ, आभाळ कसं आहे, काटा कितीवर, आत काय आहे, शेवटी कसं झालं. ‘आभाळ’ या रकान्यात बाबा ‘स्वच्छ’, ‘पांढुरकं’, ‘ढग येऊन जाऊन’ असे शब्द लिहायचे. आज ती वही कुठे आहे कोण जाणे, पण मला वाटतं हैदराबादच्या आभाळाचं इतकं मन लावून केलेलं वर्णन दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

त्या वर्षी मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. परीक्षेच्या तयारीची सुट्टी लागली होती. टाकीच्या सावलीत चटई टाकून मी अभ्यास करायची, आणि अभ्यास करता करता पेटी वळवायची नि वही भरायची, असं कामाचं वाटप ठरलं होतं. मला ते आवडायचं. गच्चीवर कुणी येत नसे, आणि पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मुलीला घरात कुणी काही सांगत नाही.

संक्रांत झाली आणि ताई नांदेडहून बाळंतपणासाठी आली. सातवा महिना होता. माझी ताई मुळात बडबडी, हसरी; ती आली आणि घर भरलं. तिला आंबट हवं असायचं, सारखं आंबट. आई आमसुलाचं सार करायची, चिंचेची आमटी करायची, पण ताईचा जीव अडकला तो सुशीलम्मांच्या गोंगुऱ्यात. आपल्या अंबाडीचंच ते लोणचं, पण लाल मिरच्या आणि लसूण घालून तेलात असं परतलेलं की नुसत्या वासानं तोंडाला पाणी सुटावं. सुशीलम्मा एक दिवसाआड वाटी घेऊन वर यायच्या. “हमारी बच्ची क्या खायी आज?” जिन्यातूनच विचारायच्या. त्यांच्या लेकीचं पहिलं बाळ विजयवाड्याला सातव्याच महिन्यात गेलं होतं. ते त्यांनी आईला एकदाच सांगितलं होतं, आणि आईनं आम्हाला. त्यामुळे ताईच्या पोटाकडे त्या पाहायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक असायचं आणि धास्तीही असायची.

तो गुरुवार होता. गुरुवार असल्याचं पक्कं आठवतं, कारण आईचा उपास होता. आदल्या दिवशी सिकंदराबादच्या छावणीत राहणाऱ्या बाबांच्या एका सहकाऱ्यांनी राजमा दिला होता. आमच्या घरात तोवर राजमा कुणी शिजवला नव्हता. ते लालभडक, गुळगुळीत दाणे पाहून ताई हरखून गेली. “उद्या हेच,” तिनं जाहीर केलं. राजमा रात्रभर भिजला. सकाळी बाबांनी स्वतः डबा पेटीत ठेवला आणि मला म्हणाले, “हे वहीत नाही आपल्या. किती वेळ लागतो मला माहीत नाही. दर अर्ध्या तासाला नीट नोंद कर. शंभर पार झाल्यावर तीन तास तरी राहू दे, आणि शंका आली तर आईला सांगून गॅसवर उकळून घे.” एवढं सांगून ते गेले.

आणि मी काय केलं? अफझलगंजच्या मोठ्या वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक परत करायचा तो शेवटचा दिवस होता. तासाभरात जाऊन येऊ, असं मनात ठरवून मी चटईवर वह्या-पुस्तकं उघडी टाकली आणि बाहेरच्या जिन्यानं गुपचूप खाली उतरले. खाली सुशीलम्मा तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी पाहिली.

“किधर चली धूप में?”

“बस आतूं अम्मा, दस मिनट,” मी म्हटलं.

दहा मिनिटं! बस वेळेवर मिळाली, पुस्तक परत झालं, आणि मग दुसरं घ्यायला म्हणून मी कपाटापाशी गेले. एक जाडजूड प्रवासवर्णन हाताला लागलं. उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं, मग खिडकीपाशी बसून वाचलं. वर पंख्यांची घरघर, बाहेर अफझलगंजच्या रस्त्यावरचे हॉर्न, आणि मी कुठल्याशा बर्फाच्या खिंडीत. भान आलं तेव्हा बारा वाजून गेले होते.

धापा टाकत गच्चीवर पोचले तर ऊन पुढे सरकून गेलेलं, आरशातला उजेड पेटीवर नव्हे, कठड्यावर पडलेला, आणि आभाळ त्या थंडीच्या दिवसांत होतं तसं पांढुरकं. काटा ब्याऐंशीवर होता. तो कधी शंभरावर गेला होता की नाही, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. मी डबा उघडला. दाणे फुगले होते, सालं तडकली होती. एक दाणा दाबून पाहिला, दबला. जरा मेणासारखा वाटला, पण दबला. खालून आईची हाक आली, “अगं, झालं का? ताईला भूक लागलीय!” गॅसवर उकळायचा म्हटलं तर आई विचारणार, का? मग वही पाहणार. वहीत सकाळी साडेनऊनंतर एकही नोंद नव्हती. मी पेन्सिल उचलली आणि एका दमात लिहून टाकलं. दहा, एकशेदोन. साडेदहा, एकशेपाच. अकरा, एकशेपाच. साडेअकरा, एकशेपाच. बारा, एकशेपाच. ‘आभाळ’च्या रकान्यात ‘स्वच्छ’.

आता इतक्या वर्षांनी, कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिताना मला त्या मुलीची कीव येते आणि रागही येतो. तिला वाटलं होतं, खोटं वहीत लिहिलंय, म्हणजे ते वहीतच राहील.

आईनं कांद्या-टोमॅटोच्या फोडणीत तो राजमा घातला, चार मिनिटं परतला. ताईनं दोन वाट्या खाल्ला, सोबत भात आणि भरपूर गोंगुरा. मी नुसता भात चिवडून उठले. परीक्षेची काळजी म्हणून आईनंही आग्रह केला नाही. तिचा स्वतःचा उपासच होता.

दोन वाजून गेल्यावर ताईला मळमळायला लागलं. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेचनात. आधी अन्न, मग पाणी, मग नुसतं पिवळं. ती पोट धरून न्हाणीघराच्या दारात बसली. हात बर्फासारखे गार, कपाळावर घामाचे थेंब. आईच्या ओरडण्यानं सुशीलम्मा धावत वर आल्या. काही न विचारता त्यांनी ताईला मागून धरलं, मला रिक्षा आणायला पिटाळलं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून मी बाबांच्या पॉलिटेक्निकमध्ये फोन केला. रिक्षात मधे ताई, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सुशीलम्मा, आणि मी ड्रायव्हरशेजारी अर्धी बाहेर. सुशीलम्मांनी ताईचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं होतं आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटत होत्या, मंत्र असावा. नारायणगुड्याकडे जाताना रस्त्यात ताई एकदाच बोलली. “आई, बाळ हलत नाहीये. केव्हापासून हलत नाहीये.”

ज्या नर्सिंग होममध्ये ताईचं नाव घातलं होतं, तिथल्या डॉक्टरीणबाई उंच, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ताईला आत घेतलं, पोटावर नळी लावून बराच वेळ ऐकलं. “बाळाचे ठोके आहेत,” त्या म्हणाल्या. ‘चांगले आहेत’ असं म्हणाल्या नाहीत. मग बाहेर येऊन विचारलं, “काय खाल्लं होतं?”

आईनं सांगितलं. भात, राजमा, गोंगुरा.

“राजमा नीट शिजला होता?”

एव्हाना बाबा येऊन पोचले होते. वाटेत घरी जाऊन ताईची फाईल आणताना त्यांनी ती वहीही बरोबर आणली होती, बाबाच ते. त्यांनी वही उघडून डॉक्टरांपुढे धरली. “हे पाहा. शंभराच्या वर दोन तास. मुलीनं दर अर्ध्या तासाला नोंद केलीय. मी तीन सांगितले होते, पण दोन तासांतही शिजायला हवा.”

डॉक्टरांनी आकडे पाहिले आणि मान हलवली. “मग लोणचं. किती दिवसांचं होतं?”

आई वळली. माझी आई तशी कुणाला टाकून बोलणारी नव्हती, पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांत मी ओळखत नव्हते असं काहीतरी होतं. “मी म्हणत होते, नका देऊ तिला. रोज रोज ते तेलातलं, मिरचीतलं!” मग सुशीलम्मांना कळावं म्हणून हिंदीत, “आपके उस गोंगुरे से हुआ ये सब. कुछ हो गया तो मैं क्या करूं, बोलो?”

सुशीलम्मा भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या पदरावर ताईच्या उलटीचे डाग होते. “मेरे हाथ से?” एवढंच त्या म्हणाल्या. स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दहाच्या सुमारास पिशवी घेऊन बाहेर पडताना त्यांनीच तर पाहिलं होतं. मी गच्चीवर नव्हते हे जगात त्यांना एकट्यांना माहीत होतं. त्या बोलल्या असत्या तर एका वाक्यात सुटल्या असत्या. त्या बोलल्या नाहीत. बाकाच्या टोकाला जाऊन बसल्या.

डॉक्टर बाबांना सांगत होत्या, “बिघडलेल्या लोणच्यातलं विष असेल तर ते नसांवर जाऊ शकतं. अशी केस मी इथे ठेवणार नाही. मोठ्या हॉस्पिटलला हलवावं लागेल, आत्ताच. या अवस्थेत हलवणं बरं नाही, पण इलाज नाही.” बाबा खिशात हात घालून ॲम्ब्युलन्सचं विचारायला काउंटरकडे निघाले.

मला वाटतं, आणखी दोन मिनिटं गेली असती तर मी गप्पच राहिले असते. मी शूर नव्हते. पण बाबा माझ्या समोरून जात होते आणि ती वही त्यांच्या काखेत होती. मी त्यांची बाही धरली.

“बाबा, ते आकडे खोटे आहेत.”

“काय?”

“मी गच्चीवर नव्हते. वाचनालयात गेले होते. परत आले तेव्हा काटा ब्याऐंशीवर होता. मी बाकीचं मनानं लिहिलं.”

आईचा हात उठला आणि अर्ध्यातच थांबला. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी विचारलं ते असं, “शंभरावर गेला होता का कधी?”

“माहीत नाही.”

“मग ‘माहीत नाही’ लिहायचं होतंस, बाळा,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं. मग ते वळून जवळजवळ पळतच डॉक्टरांकडे गेले, आणि मला हाताला धरून सोबत नेलं. मी सगळं पुन्हा सांगितलं. दाणा कसा दबला, मेणासारखा कसा लागला, आईनं किती वेळ परतला.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, आणि त्यांचे खांदे खाली आले. मला ते अजून दिसतं. इतका वेळ त्यांनीही ते ताणून धरले होते, हे तेव्हा कळलं. “अर्धाकच्चा राजमा,” त्या म्हणाल्या. “तो खळखळून उकळावाच लागतो. न उकळता नुसता गरम राहून मऊ झाला तर कच्च्याहून वाईट. पण हे पोटापुरतं असतं. उलटून पडतं आणि संपतं. हलवायची गरज नाही. सलाईन लावते, संध्याकाळपर्यंत उतार पडेल.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “उशिरा सांगितलंस. पण सांगितलंस ते बरं झालं.”

मी बाकापाशी गेले. सुशीलम्मा तशाच बसून होत्या. मी त्यांच्या पायांशी जमिनीवर बसले आणि मला रडू फुटलं. “आप कायकू नहीं बोले, अम्मा? आपको मालूम था.”

त्यांनी पदराच्या स्वच्छ टोकानं माझं तोंड पुसलं. “तू बोलेगी बोलके बैठी थी मैं,” त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, “और दो मिनट देखती, फिर बोल देती. बच्ची की जान का सवाल है ना.” हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मी रडता रडता हसले, आणि माझं हसणं मलाच विचित्र वाटलं.

त्यानंतरची दुपार हळूहळू उतरत गेली. बाटलीतून थेंब पडत होते, खिडकीबाहेर रस्त्यावर भाजीवाल्याची आरोळी, कुठेतरी रेडिओ. चार वाजता ताईची शेवटची उलटी झाली. पाच वाजता तिच्या ओठांना रंग आला. सव्वापाचला तिनं पाणी मागितलं आणि ते टिकलं. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. काळजी सुटली की त्यांना नेहमीच झोप यायची. आई ताईच्या उशाशी होती. सुशीलम्मा दाराबाहेर. आत या म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही घरी जाते म्हटलं नव्हतं. आईला त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं, हे मला दिसत होतं. ती दोनदा उठून दारापर्यंत गेली आणि पदर सारखा करून परत आली. क्षमा मागायची कुठल्या भाषेत, हाच तिचा प्रश्न असावा. मराठी सुशीलम्मांना पुरतं कळत नव्हतं, तेलुगू आईला येत नव्हतं, आणि बाजारहाटाची ती दोघींची मोडकी हिंदी या कामाला अपुरी होती.

तेवढ्यात ताई ओरडली, “आई!”

आम्ही सगळे दचकलो. बाबांची मान झटकन वर आली. ताईचे डोळे मोठे झाले होते, दोन्ही हात पोटावर. “हललं,” ती म्हणाली. “आई, हललं. आत्ता. पुन्हा बघ... पुन्हा!”

आईनं हात पुढे केला. ताईच्या पोटाजवळ नेला, आणि ठेवला नाही. ती उठली, दाराशी गेली, सुशीलम्मांचा उजवा हात मनगटाला धरला आणि त्यांना ओढतच आत आणलं. तो हात तिनं ताईच्या पोटावर ठेवला आणि वरून आपला हात दाबून धरला, सुटू नये म्हणून.

क्षणभर काहीच झालं नाही. मग सुशीलम्मांचा चेहरा असा काही उजळला, की त्या साठीच्या बाईत मला एकाएकी सोळा वर्षांची मुलगी दिसली.

“तंतोंदी!” त्या ओरडल्या. “अय्यो, लात मारती जी ये! कित्ता जोर से मारती!”

आणि आई, जी दुपारपासून रडली नव्हती, ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून भरभरून रडली.